फोटो कुठल्या भिंतीवर?

आत्याच्या कोथरूडच्या घरी, गोदरेजच्या कपाटात, नेसत्या साड्यांच्या खाली उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेली एक फ्रेम सहा वर्षं पडून होती. तिच्या मुलीच्या लग्नाचा फोटो. मुलगी हिरव्या शालूत, हातात चुडा, कपाळाला मुंडावळ्या. शेजारी नवरा. उंच, रुंद खांद्यांचा, त्यालाही मुंडावळ्या बांधलेल्या, आणि वर्णानं काळा. आपल्याकडे 'जरा सावळा आहे' म्हणून वेळ मारून नेतात तसा नव्हे. आफ्रिकेतून गुलाम म्हणून अमेरिकेत आणलेल्या माणसांचा तो वंशज. आत्या लग्नाला गेली नव्हती. आतोबाही गेले नव्हते. फोटो टपालानं आला, आत्यानं एकदा पाहिला आणि गुंडाळून ठेवला.

या आतेबहिणीचं लग्न २००९ सालचं. ती न्यू जर्सीत राहते, नवरा शाळेत गणित शिकवतो, दोन मुलं आहेत. या लेखासाठी दोघंही माझ्याशी मोकळेपणानं बोलली. नावं छापायची नाहीत एवढीच त्यांची अट होती.

लग्न ठरलं तेव्हा आमच्या घरात एकच वाक्य पुन्हापुन्हा ऐकू यायचं. 'टिकायचं नाही हे.' मुलगा स्वभावानं कसा आहे, व्यसन आहे का, आईशी कसा वागतो, काहीच कुणी विचारलं नाही. एरवी सोयरीक जुळवताना आजोळच्या आजोळापर्यंत चौकशी करणारी आमची माणसं, या एका मुलाच्या बाबतीत काहीही न विचारता निकाल देऊन मोकळी झाली. ते वाक्य माझ्या मनात रुतून बसलं. दोन वंशांतल्या माणसांचं लग्न कशानं टिकतं आणि कशानं मोडतं, हे मी तेव्हापासून वाचते आहे, भेटेल त्याला विचारते आहे.

'रक्तच वेगळं, कसं जमणार?' हा आमच्या आतोबांचा मुद्दा होता. त्याला उत्तर एका मराठी बाईनं फार पूर्वी देऊन ठेवलं आहे. इरावती कर्वे विसाच्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्याकडे संशोधनाला गेल्या. या फिशरनी त्याआधी आजच्या नामिबियात, रेहोबोथ इथल्या मिश्र वंशाच्या लोकांचा अभ्यास करून १९१३ मध्ये पुस्तक लिहिलं होतं. मिश्र विवाहांना त्यांचा विरोध होता, आणि पुढे नाझी राजवटीत त्यांचं वजन वाढलं. त्यांनी इरावतीबाईंना कवट्या मोजायला बसवलं. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतल्या फरकाचा वंशाशी संबंध आहे, असं त्यातून निघेल अशी गुरूंची अपेक्षा. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि असा संबंध लागत नाही हे प्रबंधात लिहिलं. पंचविशीतली मुलगी, परका देश, समोर खुद्द मार्गदर्शक. त्या धैर्याची आठवण मला या विषयाशी आले की हटकून होते.

तेव्हा रक्ताचा मुद्दा इथंच बाजूला ठेवू. मग लग्नं मोडतात ती कशानं?

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात सेंट्रल पॉइंट नावाचं खेडं आहे. तिथला गोरा गवंडी रिचर्ड लव्हिंग आणि कृष्णवर्णीय व मूळनिवासी वंशाची मिल्ड्रेड जीटर यांनी जून १९५८ मध्ये वॉशिंग्टनला जाऊन लग्न केलं, कारण व्हर्जिनियात तो गुन्हा होता. गावी परतल्यावर त्यांनी विवाहाचा दाखला झोपायच्या खोलीत भिंतीवर लावला. काही आठवड्यांतच मध्यरात्र उलटून गेल्यावर शेरीफ आणि त्याची माणसं विजेऱ्या घेऊन थेट त्या खोलीत शिरली. ही बाई कोण, असं विचारल्यावर भिंतीवरचा दाखला दाखवण्यात आला. तो इथं चालत नाही, असं उत्तर मिळालं. न्यायालयानं एक वर्षाची शिक्षा सुनावली आणि पंचवीस वर्षं दोघांनी मिळून राज्यात पाऊल ठेवायचं नाही या अटीवर ती स्थगित केली.

दोघं वॉशिंग्टनला राहायला गेली. तिथं त्यांचं लग्न कायदेशीर होतं, कुणी विजेरी घेऊन येत नव्हतं. तरीही मिल्ड्रेडचा जीव तिथं रमेना. शहरात मुलांना खेळायला मोकळी जागा नाही, आई-बहिणी सगळ्या गावाकडे. १९६३ मध्ये तिनं तेव्हाचे ॲटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी यांना पत्र लिहिलं ते या घरच्या ओढीपायी. त्या पत्रातून खटला उभा राहिला आणि १२ जून १९६७ रोजी सर्वोच्च न्यायालयानं असे कायदे घटनाबाह्य ठरवले. त्या दिवशीही सोळा राज्यांत ते लागू होते. अलाबामानं तर आपल्या राज्यघटनेतलं ते कलम २००० साली मतदान घेऊन काढलं. लव्हिंग जोडपं गावी परतलं, रिचर्डनं स्वतःच्या हातानं घर बांधलं. १९७५ मध्ये मोटार अपघातात तो गेला. मिल्ड्रेडनं पुन्हा लग्न केलं नाही. २००८ मध्ये तीही गेली.

या गोष्टीत निकालाइतकीच मोलाची मला ती घरची ओढ वाटते. एका मोठ्या सरकारी यंत्रणेनं लग्न मोडू पाहिलं तरी ते मोडलं नाही, कारण त्या खेड्यात गोरे, काळे आणि मूळनिवासी पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहत आलेले होते, आणि मायेची माणसं दोघांच्या मागं होती.

आता आकड्यांकडे वळते. प्यू रिसर्च सेंटरच्या हिशेबानुसार १९६७ मध्ये अमेरिकेत नव्यानं लग्न झालेल्यांपैकी ३ टक्क्यांचा जोडीदार वेगळ्या वंशाचा किंवा वांशिक गटाचा होता; २०१५ मध्ये १७ टक्क्यांचा. होनोलुलूत हे प्रमाण ४२ टक्के, तर मिसिसिपीतल्या जॅक्सनमध्ये ३. गोऱ्या-काळ्यांच्या लग्नाला मान्यता आहे का, हा प्रश्न गॅलप ही संस्था १९५८ पासून विचारते आहे. तेव्हा ४ टक्के लोक 'हो' म्हणाले होते, २०२१ मध्ये ९४ टक्के.

लग्नं होतात, पण टिकतात का? यावर दोन अभ्यास मला महत्त्वाचे वाटतात. जेनिफर ब्रॅटर आणि रोझालिंड किंग यांनी २००८ मध्ये, २००२ सालच्या एका राष्ट्रीय पाहणीच्या आधारे, मिश्र जोडप्यांत घटस्फोट जास्त होतात असं दाखवलं. विशेषतः ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात लग्न झालेल्यांत. पुढच्याच वर्षी युआनतिंग झांग आणि जेनिफर व्हॅन हुक यांनी तेवीस हजारांहून अधिक जोडप्यांची माहिती तपासली. वय, शिक्षण अशा गोष्टींचा परिणाम वेगळा काढल्यावर, केवळ लग्न मिश्र आहे म्हणून ते मोडण्याचा धोका वाढतो याला पुरावा मिळाला नाही. आशियाई वंशाचा जोडीदार असलेली मिश्र लग्नं तर गोऱ्या-गोऱ्यांच्या लग्नांहूनही टिकाऊ निघाली. ज्या समाजगटात घटस्फोट मुळात जास्त, त्या गटातल्या माणसाच्या मिश्र लग्नातही ते जास्त. ज्या गटात कमी, तिथं कमी. माणूस एकटा बोहल्यावर चढत नाही, आपल्या गटाची रोजगाराची, घराची, शिक्षणाची परिस्थिती बरोबर घेऊन चढतो, असा याचा अर्थ मी लावते.

पण ब्रॅटर आणि किंग यांच्या अभ्यासातला एक आकडा मला सोडत नाही. बायको गोरी आणि नवरा काळा अशा जोडप्यांत लग्नाच्या दहाव्या वर्षापर्यंत घटस्फोटाची शक्यता गोऱ्या-गोऱ्या जोडप्यांच्या दुप्पट. उलट, नवरा गोरा आणि बायको काळी असेल तर ती गोऱ्या जोडप्यांपेक्षा ४४ टक्के कमी. वंश तेच दोन. बाई कुठल्या बाजूची, एवढाच फरक. कारण दोन वंशांच्या वेगळेपणात असतं, तर ते दोन्हीकडे सारखंच दिसायला हवं होतं. मला हे समाजाच्या नजरेचं काम वाटतं. गोऱ्या बाईकडे बघून शिट्टी वाजवली एवढ्या आरोपावरून १९५५ मध्ये मिसिसिपीत एमेट टिल या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाला हालहाल करून मारलं, त्या देशातल्या एका जोडप्याकडे हॉटेलात, रस्त्यावर, नातेवाइकांच्या घरी लोक कसे बघत असतील? ते बघणं रोज घरात येतं. जेवणाच्या टेबलावर बसतं.

'आपली बाई परक्याकडे गेली' आणि 'परक्याची बाई आपल्याकडे आली' यांत आपणही फार मोठा फरक करतो. महाराष्ट्राच्या जुन्या नोंदी याला साक्ष आहेत.

ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात असताना भारतातल्या जातिसंस्थेचा इतिहास लिहिला, १९०९ मध्ये त्याचा पहिला भाग निघाला. पुढं लंडनमध्ये त्यांची ओळख एडिथ कोहन या जर्मन ज्यू तरुणीशी झाली. केतकर भारतात परतले, मध्ये पहिलं महायुद्ध उभं राहिलं, आणि १९२० मध्ये त्यांचं लग्न झालं. व्रात्यस्तोम विधीनं तिला हिंदू करून घेतलं आणि एडिथची शीलवती झाली. ज्ञानकोशाचे तेवीस खंड, सततची ओढाताण, पैशाची विवंचना, आणि या सगळ्यात शीलवतीबाई. विंटरनिट्झ यांच्या भारतीय वाङ्मयाच्या जर्मन इतिहासाचं इंग्रजी भाषांतर त्यांनीच केलं. केतकर १९३७ मध्ये गेले. त्यानंतर पतीबरोबरच्या आयुष्याविषयी त्यांनी मराठीतून पुस्तक लिहिलं, 'मीच हे सांगितलं पाहिजे'. त्या नावातला 'मीच' मी अनेकदा मनाशी म्हणून बघते.

१९२८ मध्ये इंदूरचे तुकोजीराव होळकर यांनी सिॲटलच्या नॅन्सी मिलरशी लग्न केलं. त्याआधी तिची शुद्धी झाली, धनगर समाजात तिला घेण्यात आलं, नॅन्सीची शर्मिष्ठा झाली. हे लग्न पन्नास वर्षं, तुकोजीरावांच्या मृत्यूपर्यंत टिकलं. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या, हंगेरियन वडील आणि रशियन आईच्या एव्ह नावाच्या मुलीनं १९३२ मध्ये लष्करी अधिकारी विक्रम खानोलकर यांच्याशी लग्न केलं. एव्हची सावित्री झाली. मराठी, संस्कृत शिकली, महाराष्ट्रातल्या संतांवर पुस्तक लिहिलं. परमवीर चक्राची आकृती तिच्या हातची. दधीची ऋषींच्या अस्थींपासून घडलेलं इंद्राचं वज्र त्या पदकावर आहे ते सावित्रीबाईंनी पुराणं मन लावून वाचली होती म्हणून.

या तिन्ही लग्नांचा आपल्याला अभिमान वाटतो, आणि तो योग्यच आहे. मलाही वाटतो. फक्त त्या नावांची रांग लावून बघावी. एडिथ, नॅन्सी, एव्ह. शीलवती, शर्मिष्ठा, सावित्री. दार उघडलं खरं, पण आत येताना नाव, धर्म, वेश बाहेर ठेवून यायचं होतं. ही लग्नं टिकली त्याचं मोल त्या तिघींनी मोजलं. त्यांनी ते आनंदानं मोजलंही असेल. पण आजची मुलगी किंवा मुलगा हे मोल देणार नाही, आणि त्यांनी ते द्यावं असं मागणं आपल्याला शोभत नाही.

वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे यांचं उदाहरण यात जरा निराळं. गदर चळवळीतला हा क्रांतिकारक भटकत मेक्सिकोत पोचला, तिथं शेतकी प्राध्यापक झाला आणि बेल्जियन तरुणीशी त्यानं १९३६ मध्ये लग्न केलं. दोघांनाही परका असलेला मुलुख. तिथं सासर नाही, माहेर नाही, म्हणून टोचणारं कुणी नाही. परदेशात शिकायला गेलेली आणि तिसऱ्याच देशात संसार थाटलेली काही मिश्र जोडपी मला भेटली, त्यांनीही हेच सांगितलं, की पहिली काही वर्षं कुणाच्याच अंगणात नव्हतो ते बरं झालं.

मात्र दोघांपैकी एकाचं अंगण अगदी दाराशी असेल तर? आतेबहिणीनं सांगितलेली एक गोष्ट इथं सांगते. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी रात्री गाडीनं घरी येत होते. पोलिसांनी गाडी थांबवली. नवऱ्यानं आतला दिवा लावला, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले, बोटं पसरून. पोलीस जवळ येईपर्यंत एक शब्द बोलला नाही. मागचा एक दिवा गेला होता, एवढंच कारण. पोलीस गेल्यावर ही म्हणाली, 'अरे, एवढं काय घाबरायचं, जरा हसून बोलायचं!' तो घरी येईपर्यंत गप्प. मग दोन दिवस गप्प. 'मला वाटलं, माझ्यावर रुसलाय,' ती म्हणाली. 'आणि त्याला वाटलं, हिला माझ्या जिवाची भीती खरी वाटतच नाही.'

जोडीदाराच्या वाट्याला जे येतं ते आपल्या वाट्याला आलेलं नाही, तरी त्यावर विश्वास ठेवायचा. मिश्र लग्नात हे शिकावंच लागतं. पुण्यात वाढलेल्या मुलीला गाडी थांबवणारा पोलीस म्हणजे फार तर दंडाची पावती. न्यूअर्कजवळ वाढलेल्या त्याला बाराव्या वर्षी आईनं समोर बसवून हात कुठं ठेवायचे ते शिकवलं होतं.

या अबोल्याहून जास्त मला चटका लावून गेलं ते तिचं पुढचं वाक्य. 'तेव्हा मला कुणालातरी फोन करायचा होता. आईला करावासा वाटला. पण केला असता तर ती म्हणाली असती, सांगितलं नव्हतं का आम्ही?'

इतक्या वर्षांच्या वाचण्या-विचारण्यातून माझ्या हाती लागलं ते हेच. नवरा-बायको भांडतात. सगळेच भांडतात. जातीत, पत्रिका बघून, दोन्हीकडच्या मंडळींच्या पसंतीनं लग्न झालेली मुलगी भांडली की माहेरी फोन करते. आई ऐकून घेते, वहिनी समजूत काढते, मामा जावयाला चार शब्द सुनावतो, भांडण निवतं. मिश्र लग्न केलेल्या मुलीला हा फोनच उरत नाही. तिचं प्रत्येक भांडण हा तिच्याविरुद्धचा पुरावा ठरतो. घर पुसायचं कुणी यावरून झालेली कुरबूरसुद्धा 'त्यांची जातच तशी' इथवर नेऊन पोचवली जाते. मग ती सांगणं बंद करते. आतल्या आत साठत जातं. २०१२ मध्ये माझ्या आतेबहिणीचा संसार मोडायच्या बेतात होता, हे मला यंदा कळलं. आमच्यापैकी एकालाही तेव्हा कळलं नव्हतं.

सावरलं ते तिच्या सासूनं. ही बाई निवृत्त नर्स. ती लेकाच्या बाजूनं बोलली नाही, सुनेच्याही नाही. चार महिने दर रविवारी येऊन नुसती घरात राहिली. स्वयंपाक केला आणि नातीचे केस विंचरले. मुलीचे केस दाट, बारीक कुरळे. आमच्या बहिणीला ते विंचरताच येत नव्हते. ती आपला कंगवा घालायची, पोर किंचाळायची. आजी नातीला दोन गुडघ्यांत धरून खाली बसवायची, केस ओले करायची, बोटांनी गुंता सोडवायची, भांग पाडून पाडून बारीक वेण्या घालायची. तीन-तीन तास. सुनेला शेजारी बसवून शिकवायची.

२०१५ मध्ये दुसऱ्या बाळंतपणाला आत्या अखेर गेली. डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशोपा आणि खोबरेल तेलाच्या चार बाटल्या घेऊन. पहिल्या रविवारी विहीणबाई आल्या आणि नातीला पुढ्यात घेऊन बसल्या. आत्या दारात उभी राहून बघत होती. मग आत गेली, तेलाची बाटली गरम पाण्यात धरून आणली आणि त्यांच्यासमोर ठेवली. विहीणबाईंनी झाकण उघडून वास घेतला, तळव्यावर तेल घेतलं. आत्याचं इंग्रजी बेतास बात. दोघी त्या दुपारी फारसं बोलल्याही नाहीत. पण त्यानंतर गेली दहा वर्षं कुरिअरनं तेल जातं, आणि विहीणबाई आत्याच्या वाढदिवसाला न चुकता फोन करतात.

पुण्याला परतल्यावर आत्यानं सुताराला बोलावून बैठकीच्या खोलीत खिळा मारून घेतला. माझ्या आजी-आजोबांच्या फोटोशेजारी आता तो फोटो आहे.

सगळीकडे असं होत नाही हे मला ठाऊक आहे. आणि लग्न टिकलं म्हणजे ते सुखाचं, असंही मी म्हणणार नाही. अमेरिकेत लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील तर जोडीदाराला मिळणारं ग्रीन कार्ड सशर्त असतं, आणि ती अट काढायला एरवी दोघांनी मिळून अर्ज करायचा असतो. आपल्याकडे भारतीयाच्या परदेशी जोडीदाराला नोंदणीकृत लग्न दोन वर्षं टिकल्यावर ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड मागता येतं, आणि घटस्फोट झाला तर ते रद्द होऊ शकतं. मुलं इथं, कागद नवऱ्याच्या हातात, म्हणून मार खाऊनही राहिलेल्या बाया आहेत. अशा लग्नाची गणना टिकलेल्यांत होते. ती टिकण्यात कसलंही भूषण नाही, आणि अशा लेकीला घरी घेऊन येणं हे माहेरचं पहिलं काम आहे.

आणखी एक गोष्ट बोलायलाच हवी. आमच्याच नात्यात दुसऱ्या एका मुलीनं गोऱ्या डच मुलाशी लग्न केलं, त्याचं स्वागत पुण्यात कार्यालय घेऊन झालं. सगळे फेटे बांधून नाचले. ते लग्न टिकेल का, हा प्रश्न कुणाला पडला नाही. आणि शेजारच्या वाड्यातल्या मुलानं दलित मुलीशी लग्न केलं तेव्हा तेच 'टिकायचं नाही' पुन्हा ऐकू आलं. त्या दोघांची विशेष विवाह कायद्याखालची नोटीस तीस दिवस कचेरीच्या भिंतीवर होती, आणि त्या तीस दिवसांत दोन्ही घरांतून धमक्या आल्या. आपली शंका वंशाच्या अंतरावर ठरत नाही. आपण कुणाला वरचं मानतो आणि कुणाला खालचं, त्यावर ठरते. जातिभेद मोडायचा तर रोटीव्यवहारानं भागणार नाही, बेटीव्यवहार हवा, असं बाबासाहेबांनी १९३६ मध्ये लिहिलं, त्याला आता नव्वद वर्षं होत आली.

हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा तुळशीचं लग्न तोंडावर असेल आणि मुहूर्त सुरू व्हायचे असतील. तुमच्या घरात, भावकीत, शेजारात कुणी असं लग्न ठरवलं असेल. मनात शंका असतील तर त्या मुलाला भेटून विचारा, त्याच्या आईला भेटा, एरवी करता ती सगळी चौकशी करा. पण लग्नाला जा. तिकीट महाग असेल, पाय दुखत असतील, चार लोक नावं ठेवतील. तरी जा. आणि परत आल्यावर आठ-पंधरा दिवसांनी त्या मुलीला आपण होऊन फोन करा.